बास गरवायला निघताना: रॉड, रीळ आणि लाइनची निवड

अमेरिकेतल्या मासेमारीच्या कुठल्याही दुकानात रॉड हातात घेतला, की मुठीच्या वीतभर वर बारीक अक्षरांत एक ओळ छापलेली सापडते: सात फूट, एमएच, फास्ट, लाइन १२ ते २० पौंड, आमिष पाव ते एक औंस. नवखा माणूस बहुधा ही ओळ वाचत नाही. तो रंग बघतो, किंमत बघतो, रिळाचं हँडल दोनदा फिरवून बघतो आणि पैसे मोजून बाहेर पडतो. खरं तर रॉडची जवळजवळ सगळी कुंडली त्या ओळीत असते. तिच्यात दोनच गोष्टी नसतात: हा रॉड कुठल्या पाण्यावर जाणार आणि कुणाच्या हातात.

'ज्याची त्याची आवड' असं म्हणून बासच्या साहित्याचा विषय पुष्कळदा सोडून दिला जातो. आवड असतेच, आणि असावी. पण काही गोष्टी पाणी ठरवतं, काही आमिष ठरवतं, आणि त्यातून जी मोकळी जागा उरते तिथे आवडीचं राज्य सुरू होतं. कुठली गोष्ट कोणाच्या अखत्यारीत, हे कळलं तर पैसे वाचतात आणि मासेही मिळतात.

आधी माशाविषयी, कारण सगळा खल त्याच्या तोंडाभोवती आहे. बास हा उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला शिकारी मासा. त्यात लार्जमाउथ आणि स्मॉलमाउथ या दोन जाती मुख्य. दोघेही सनफिश कुळातले. समुद्रातल्या सी बासशी त्यांचं जवळचं नातं नाही. लार्जमाउथ पाणवनस्पती, बुडालेली झाडं, धक्क्यांचे खांब अशा आडोशाला दबा धरून बसतो. भक्ष्य टप्प्यात आलं की तो जबडा एकदम उघडतो आणि पाण्यासकट भक्ष्य आत ओढलं जातं. घास खोटा वाटला तर तितक्याच चपळाईने तो बाहेरही फेकतो. म्हणजे आमिष त्याच्या तोंडात आहे ही खबर तत्काळ हाताला मिळाली पाहिजे, आणि गळ रुतल्यावर तो पुन्हा आडोशात घुसायच्या आत त्याला बाहेर काढता आलं पाहिजे. स्मॉलमाउथला थंड, स्वच्छ, खडकाळ पाणी आवडतं. तो मोकळ्या पाण्यात झुंजतो, उड्या मारतो, आणि त्याच्याशी घाई करून चालत नाही.

आता तीन पाणी बघा. फ्लोरिडातलं लेक ओकीचोबी सुमारे १,९०० चौरस किलोमीटर पसरलेलं, पण सरासरी खोली तीन मीटरच्याही आत. त्यामुळे उन्हं तळापर्यंत पोचतात आणि मैलोन्‌मैल पाणवनस्पती माजतात. टेक्सासमधलं लेक फोर्क हे धरणाचं पाणी. १९८० मध्ये ते भरू लागलं तेव्हा हजारो झाडं न तोडता तशीच ठेवली होती. त्यांची खोडं आणि फांद्या आजही पाण्याखाली उभ्या आहेत. १९८६ मध्ये याच तळ्यात १७.६७ पौंडांची, म्हणजे आठ किलोची मादी मिळाली. 'एथेल' या नावाने ती पुढे प्रसिद्ध झाली आणि मोठे बास प्रजननासाठी सरकारकडे सोपवण्याच्या टेक्सासच्या 'शेअरलंकर' कार्यक्रमाची सुरुवात तिच्यापासून झाली. १९९२ मध्ये इथेच १८.१८ पौंडांचा राज्यविक्रम झाला. तिसरं पाणी मिशिगन आणि कॅनडातलं ऑन्टारियो यांच्यामधलं लेक सेंट क्लेअर. १९८८ मध्ये तिथे झेब्रा मसल नावाचे परदेशी शिंपले आढळले. हे शिंपले पाणी गाळून त्यातले सूक्ष्म जीव खातात. ते बेसुमार वाढले आणि तळ्याचं पाणी पूर्वीपेक्षा कितीतरी नितळ झालं. स्मॉलमाउथसाठी आज हे तळं नावाजलेलं आहे.

ओकीचोबीच्या गवताच्या गालिच्यातून मासा उपसून काढायचा असतो, लेक फोर्कच्या फांद्यांवर लाइन घासत असते, आणि सेंट क्लेअरच्या आरपार दिसणाऱ्या पाण्यात माशाला लाइन दिसू नये याची काळजी घ्यावी लागते. तिन्हीकडे एकच साहित्य घेऊन जाणाऱ्याला किमान दोन ठिकाणी त्रास होणार.

म्हणून मी निवडीची सुरुवात लाइनपासून करावी असं म्हणेन. बहुतेक लोक रिळापासून सुरू करतात, कारण रीळ दिसायला देखणं असतं आणि फिरवायला मजा येते. पण मासा आणि माणूस यांच्यामध्ये सलग अशी एकच वस्तू असते, ती म्हणजे लाइन. शिवाय ती सगळ्यांत स्वस्त आणि सहज बदलता येणारी.

पहिली म्हणजे आपण जिला तंगूस म्हणतो ती नायलॉनची एकपदरी लाइन, मोनोफिलामेंट. लोक तिला नुसतं 'मोनो' म्हणतात. नायलॉन ड्युपाँ कंपनीने १९३८ मध्ये जाहीर केलं आणि त्यानंतर रेशमी व सुती दोऱ्यांचे दिवस भरले. मोनो ताणली जाते, गाठ सहज धरते, स्वस्त असते. ती पाणी थोडं शोषते आणि उन्हाने कालांतराने कमजोर होते, म्हणून वर्षानुवर्षं रिळावर ठेवायची वस्तू ती नव्हे. तिची घनता १.१४ च्या आसपास, पाण्याहून जराशीच जास्त. त्यामुळे ती अगदी हळू बुडते आणि पृष्ठभागावर चालवायच्या आमिषांना खाली ओढत नाही.

फ्लुरोकार्बन जपानमधून आली. कुरेहा कंपनीने १९७१ मध्ये 'सीगार' नावाने ती बाजारात आणली. तिचं वैशिष्ट्य तिच्या अपवर्तनांकात आहे. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, फ्लुरोकार्बनचा सुमारे १.४२, तर नायलॉनचा १.५३ च्या घरात. दोन पदार्थांचे हे आकडे जितके जवळ, तितका एकातून दुसऱ्यात जाताना प्रकाश कमी वळतो आणि वस्तू कमी उठून दिसते. फ्लुरोकार्बन अदृश्य होत नाही, पण पाण्यात मोनोपेक्षा अंधुक होते. घनता १.७८ असल्याने ती चांगली बुडते, म्हणून तळावर ओढायच्या किंवा खोल जाणाऱ्या आमिषांना सोयीची. खडकाला, लाकडाला घासली तरी तग धरते. दोष दोन: ती ताठ असल्यामुळे स्पूलचा वळसा लक्षात ठेवते, आणि गाठ बांधताना कोरडी आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने तिथेच कमजोर होते. गाठ आवळण्याआधी ती तोंडात धरून ओली करायची, ही सवय फ्लुरोकार्बन वापरणाऱ्याला लावून घ्यावीच लागते. ती अजिबात ताणली जात नाही असा एक समज आहे. तो बरोबर नाही. ती ताणली जाते, आणि जोराने ताणली गेल्यावर पुरती पूर्ववत होत नाही.

तिसरी वेणीसारखी विणलेली लाइन, ब्रेड. डायनीमा किंवा स्पेक्ट्रा नावाने ओळखल्या जाणाऱ्या अतिलांब साखळीच्या पॉलिथिलीनच्या तंतूंची. तिची घनता ०.९७, म्हणजे ती तरंगते. ताण जवळजवळ शून्य. आणि ताकदीच्या मानाने ती थक्क करण्याइतकी बारीक: ३० पौंडांची ब्रेड साधारण आठ पौंडांच्या मोनोइतक्या जाडीची असते आणि ५० पौंडांची बारा पौंडांच्या मोनोइतकी. वनस्पतींचे देठ ती करवतीसारखी कापत येते, म्हणून ओकीचोबीसारख्या पाण्यावर गवतावरून रबरी बेडूक ओढणारे ५० ते ६५ पौंडांची ब्रेडच लावतात. लेक फोर्कच्या लाकडात मात्र ताठ ताणलेली ब्रेड खोडात चिरत जाते आणि तिथेच रुतून बसते. तिथे जाड फ्लुरोकार्बन बरी. नितळ पाण्यात ब्रेड ठळक दिसते. त्यावर उपाय म्हणजे मुख्य लाइन ब्रेडची आणि टोकाला आठ-दहा फूट फ्लुरोकार्बन जोडायची. सेंट क्लेअरवर दहा पौंडांच्या ब्रेडला आठ पौंडांचा असा तुकडा जोडून बरेच लोक गरवतात. ब्रेड भरताना आणखी एक लक्षात ठेवायचं. गुळगुळीत धातूच्या स्पूलवर ती पकड घेत नाही. मासा ओढायला लागला की अख्खी गुंडाळीच स्पूलवर गरगर फिरते आणि माणसाला वाटतं रिळाचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढताना लाइन बेताने सोडणारा ब्रेक, बिघडला. आधी थोडी मोनो गुंडाळून त्यावर ब्रेड बांधली की हा प्रश्न मिटतो.

लाइन ठरली की रॉड. छापील ओळीतल्या 'एमएच' आणि 'फास्ट' या दोन शब्दांत लोकांची हमखास गल्लत होते. 'एमएच' म्हणजे मीडियम हेवी. ही रॉडची ताकद: त्याला वाकवायला किती जोर लागतो याचं माप. 'फास्ट' म्हणजे तो वाकतो कुठे. फास्ट रॉडचा शेंड्याकडचा भाग वाकतो आणि खालचा कणा ताठ राहतो. मॉडरेट रॉड मधल्या भागापर्यंत कमान घेतो. एखादा रॉड ताकदवान असून मऊ कमानीचा असू शकतो, आणि दुबळा असून फक्त टोकाशी वाकणारा असू शकतो. हे सगळं एकाच मोजपट्टीवर येत नाही, आणि याला सर्वमान्य प्रमाणही नाही. एका कंपनीचा मीडियम हेवी दुसऱ्या कंपनीच्या हेवीइतका असू शकतो. म्हणून मी अक्षरांपेक्षा आमिषाच्या वजनाचा आकडा बघतो. पाव ते एक औंस, म्हणजे सात ते अठ्ठावीस ग्रॅम. या दोन टोकांच्या मध्यावर रॉड सगळ्यांत खुशीत चालतो. टोकाच्या वजनांना तो कसाबसा सांभाळून घेतो.

आता आमिष काय मागतं? प्लॅस्टिकचा गांडूळ टेक्सास पद्धतीने लावला, तर गळाचं टोक त्या प्लॅस्टिकच्या अंगात दडवलेलं असतं, म्हणजे गवतात अडकत नाही. मासा घेतो तेव्हा गळाला आधी प्लॅस्टिक फोडायचं आणि मग जबडा. गळही जाड तारेचा आणि एकच. त्यासाठी ताठ कण्याचा, फास्ट रॉड आणि कमी ताणाची लाइन लागते. याउलट क्रँकबेट. हे माशाच्या आकाराचं कडक आमिष, पुढे जीभ, खाली दोन तिहेरी गळ. गळ बारीक तारेचे आणि धारदार. मासा आमिषावर तोंड टाकतो तेव्हा ते आपोआप रुततात, पण उथळच. ताठ रॉडने जोरात हिसका दिला की ते फाटून सुटतात. इथे मॉडरेट रॉड हवा: मासा वळतो, रॉड त्याच्याबरोबर वाकत जातो, आणि उडी मारली तरी ओढ ढिली पडत नाही.

रॉडच्या पदार्थाचा इतिहासही इथेच कामाला येतो. बांबूच्या चिरलेल्या पट्ट्यांचे रॉड मागे पडले ते दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लास आल्यावर. १९७३ मध्ये फेनविक कंपनीने ग्राफाइटचा रॉड आणला आणि सगळ्यांनी ग्राफाइटची कास धरली, कारण तेवढ्याच ताठपणाला ते कितीतरी हलकं पडतं आणि माशाची चाहूल हातापर्यंत स्पष्ट आणतं. तरीही क्रँकबेटसाठी ग्लासचा किंवा ग्लासमिश्रित रॉड मुद्दाम शोधणारे लोक आजही आहेत आणि त्यांचं बरोबर आहे. ग्राफाइटच्या जातीचा आकडा जितका मोठा, तितका रॉड ताठ आणि हलका. पण बोटीच्या काठावर आपटला किंवा गाडीच्या दारात सापडला तर मोडायलाही तितकाच तयार. मुलांना घेऊन जाणाऱ्या माणसाने सगळ्यांत महागडं ग्राफाइट घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कोकणात खाडीवर तंगूस बोटावर धरून गरवलेल्या माणसाला या सगळ्यात एक फायदा असतो. टेक्सासला, न्यू जर्सीला, मिशिगनला स्थायिक झालेल्या मराठी घरांमध्ये असे लोक भेटतात. माशाने नुसतं हुंगलं, ओठात धरलं, की गिळलं, हे त्यांच्या बोटाला कळतं. अशा माणसाने स्पिनिंग रॉड घेतला तरी रिळाच्या पुढे लाइन तर्जनीवर टेकवून ठेवावी. रॉडची दांडी जे सांगते त्यापेक्षा ते बोट जास्त सांगतं, आणि मग अतिसंवेदनशील रॉडवर अवाच्या सवा खर्च करायची गरज उरत नाही.

अमेरिकन रिळाचं मूळ घड्याळजींच्या टेबलावर आहे, आणि हे दोनदा घडलं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला केंटकी राज्यातल्या पॅरिस गावात जॉर्ज स्नायडर नावाचा चांदीकाम आणि घड्याळदुरुस्ती करणारा कारागीर होता. त्याने दंतचक्रं बसवून असं रीळ बनवलं की हँडल एकदा फिरवलं तर स्पूल अनेकदा फिरावा. मग मीक बंधूंसारख्या घड्याळजींनी ती कला इतकी पुढे नेली की 'केंटकी रीळ' हे नाव पडलं. आजच्या बेटकास्टिंग रिळाचं ते पूर्वज. पुढे सव्वाशेहून अधिक वर्षांनी टेक्सासमधला आर. डी. हल नावाचा घड्याळ दुरुस्त करणारा माणूस फिरणाऱ्या स्पूलवर लाइन गुंतते त्यावर उपाय शोधत होता. दुकानदार पुडकं बांधायला स्थिर रिळावरून दोरा ओढतो, रीळ न फिरताही दोरा सुटत येतो, हे त्याने पाहिलं आणि त्यावरून झाकणबंद, न फिरणाऱ्या स्पूलचं रीळ बनवलं. ते त्याने १९४७ मध्ये ओक्लाहोमातल्या टल्सा शहरी नेलं, 'झीरो अवर बॉम्ब कंपनी'कडे. ही कंपनी तेलविहिरींत वापरायचे वेळेवर उडणारे स्फोटक बनवत असे. १९४९ मध्ये रिळं विक्रीला आली आणि कंपनीचं नाव पुढे झेबको झालं. अमेरिकेत असंख्य मुलांनी पहिला मासा धरला तो अशा बटणाच्या रिळावर.

बाससाठी मुख्य निवड मात्र स्पिनिंग आणि बेटकास्टिंग या दोन रिळांत होते. स्पिनिंगमध्ये स्पूल स्थिर असतो. फेकलेलं आमिष लाइनचे वेढे सोडवत जातं. त्यामुळे तीन-चार ग्रॅमचं आमिषही आरामात जातं आणि गुंता क्वचित होतो. बेटकास्टिंगमध्ये अख्खा स्पूल फिरतो, आणि अडचण तिथेच आहे. आमिष हवेत असताना त्याचा वेग कमी होत जातो, पण स्पूल आपल्याच तालात फिरत राहतो. पतंग उडवताना चक्री सैल पडून मांजा बाहेर उसळतो आणि गुंतळा होतो, तसंच हे. अमेरिकन लोक त्याला बॅकलॅश म्हणतात. रिळात त्यासाठी चुंबकाचे किंवा केंद्रोत्सारी ब्रेक असतात. बाजूला एक छोटी चकती असते, ती इतकी घट्ट करायची की बटण दाबल्यावर आमिष सावकाश खाली उतरेल आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबेल. ही सुरुवातीची जुळवणी. बाकीचं काम अंगठ्याचं. फेकताना अंगठा स्पूलवर हलका टेकलेला, आमिष पाण्याला लागायच्या आत दाब वाढलेला. हे शिकायला वेळ लागतो, पण एकदा जमलं की खांबाच्या शेजारी, फांदीच्या खाली, नेमक्या जागी आमिष उतरवण्यात बेटकास्टिंगला तोड नाही, आणि जाड लाइनही तेच पेलतं. स्पिनिंग रिळावर दहा पौंडांपेक्षा जाड फ्लुरोकार्बन भरली, तर स्पूलवरची तारेची कडी उघडताच ती स्प्रिंगसारखी उसळून बाहेर येते.

रिळावरचा ७.१:१ हा आकडा म्हणजे हँडलच्या एका फेरीला स्पूलच्या ७.१ फेऱ्या. अशा रिळाने एका फेरीत साधारण ३० इंच लाइन आत येते, ५.४:१ च्या रिळाने २२ इंचांच्या आसपास. वेग जास्त तर ओढीचा जोर कमी, हा हिशेब चुकत नाही. खोल जाणारं क्रँकबेट पाण्याला इतकं अडतं की वेगवान रिळाने ते दिवसभर ओढताना मनगट भरून येतं. तिथे मंद रीळ बरं. आडोशात जिग, म्हणजे शिसं जडवलेला गळ, टाकून मासा उपसायचा असेल, किंवा सैल पडलेली लाइन पटकन गोळा करायची असेल, तर ७ किंवा ८ चं रीळ हवं.

इथपर्यंत पाणी आणि आमिष बोलत होतं. आता माणूस, आणि मला हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. लोक आपल्या स्वभावासारखं साहित्य निवडतात, खरं तर स्वभावाला सावरणारं साहित्य निवडावं. चाहूल लागताच दोन्ही हातांनी रॉड मागे खेचणारा माणूस बिनताणाची ब्रेड आणि ताठ रॉड घेतो, कारण त्याला तेच रांगडं वाटतं. आणि मग गळ फाटून मासे सुटतात, किंवा टोकाचा फ्लुरोकार्बनचा तुकडा गाठीत तुटतो. त्याने मोनो लावावी, रॉड एक पायरी मऊ घ्यावा. लाइनचा ताण त्याचा हिसका पचवून घेईल. संथ माणूस, ज्याला गळ बसवायला अंमळ उशीर होतो, त्याला ताठ रॉड आणि ब्रेड मदत करतात. ज्याचा हात रिळावर आपोआप भरभर चालतो, त्याने मंद रीळ घ्यावं. आमिष हळू ओढायचं असतं तेव्हा स्वतःला आवरायचं काम रीळ करतं. ज्याला थांबून थांबून रीळ फिरवायची सवय आहे त्याला वेगवान रीळ मानवतं.

हँडल कुठल्या बाजूला हवं, हीही निव्वळ सवयीची बाब. अमेरिकेत उजवे लोक स्पिनिंग रीळ डाव्या हाताने फिरवतात, आणि त्यातलेच पुष्कळ बेटकास्टिंग उजव्या हाताने फिरवतात: उजव्याने फेकायचं, रॉड डाव्या हातात घ्यायचा, मग उजव्याने रीळ. ही जुनी चाल आहे, कारण जुनी बेटकास्टिंग रिळं बहुतेक उजव्या हँडलचीच मिळत. आज दोन्ही मिळतात. नव्याने शिकणाऱ्याने डाव्या हँडलचं घेऊन बघावं. आमिष पाण्यात पडण्याच्या क्षणीच पुष्कळदा मासा घेतो आणि त्या वेळी हात बदलायचा राहत नाही.

लांबीचंही तसंच. लांब रॉड दूर फेकतो आणि सैल लाइन एका झटक्यात गोळा करतो. पण पृष्ठभागावरचं आमिष चालवताना रॉडचं टोक खाली धरून झटके द्यायचे असतात. बेताच्या उंचीच्या माणसाचा सात फुटी रॉड अशा वेळी पाण्यावर आपटत राहतो. त्याला साडेसहा ते पावणेसात फूट बरा. झाडांखालून काठावर उभं राहून गरवणाऱ्याला किंवा कयाकमध्ये बसणाऱ्याला आखूड मूठही हवी, कारण लांब मूठ जीवरक्षक जाकिटाला अडते. दुकानात नुसता रॉड तोलू नका. रीळ लावून द्यायला सांगा, मग रिळाच्या पुढे एका बोटावर तो तोलून बघा. टोकाकडे झुकत असेल तर संध्याकाळपर्यंत मनगटाला ओझं होईल. बूच की फोम, सलग मूठ की तुटक, हे मात्र हाताला विचारा. इथे दुसऱ्या कुणाचं मत कामाचं नाही.

टीव्हीवर व्यावसायिक स्पर्धकांच्या बोटीवर ओळीने पंधरा-वीस रॉड मांडलेले दिसतात. प्रत्येक रॉडला एक आमिष बांधून तयार ठेवलेलं असतं, कारण त्यांना गाठ बदलण्यात वेळ घालवायचा नसतो. त्यांची गरज आपली नाही. रे स्कॉटने १९७१ मध्ये पहिली बासमास्टर क्लासिक स्पर्धा भरवली, तेव्हा कुठल्या पाण्यावर जायचंय हे स्पर्धकांना विमान उडाल्यावरच कळलं. ते होतं नेवाडाच्या सीमेवरचं लेक मीड, आणि जिंकला बॉबी मरे. अनोळखी पाण्यावर जायचं असेल तर सगळीकडे निभावणारा मधला रॉडच सोबत हवा, आणि नव्या माणसाची स्थिती नेमकी तीच असते. मोठ्या माशासाठी बोटभर साहित्य लागतंच असंही नाही, जागतिक विक्रमाचं ऐका. जॉर्ज पेरीने जॉर्जिया राज्यात २ जून १९३२ रोजी २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे दहा किलोंचा लार्जमाउथ धरला, तो नायलॉन, ग्राफाइट यांतलं काहीच नव्हतं त्या काळात. जपानमधल्या बिवा सरोवरात २ जुलै २००९ रोजी मानाबू कुरिताने त्याची बरोबरी केली. कुरिताचा मासा किंचित जड भरला, पण विक्रम मोडायला दोन औंसांचा फरक लागतो, म्हणून आज दोघांचीही नावं नोंदीत आहेत.

तर पहिली खरेदी. सुमारे सात फुटांचा मीडियम, फास्ट स्पिनिंग रॉड, २५०० आकाराचं रीळ आणि आठ पौंडांची मोनो. जमू लागलं की दहा पौंडांची ब्रेड आणि टोकाला फ्लुरोकार्बन. हलकी प्लॅस्टिकची आमिषं, छोटे जिग, स्वच्छ पाणी, सोबतची मुलं, सगळं यावर निभतं. पैसे थोडे रिळाच्या ड्रॅगवर खर्च करा. लाइन सोडताना तो अडखळत असेल तर बारीक लाइन तुटतेच. एक हंगाम गेल्यावर दुसरा संच: सात फुटी मीडियम हेवी, फास्ट बेटकास्टिंग रॉड, सातच्या आसपासचं रीळ आणि पंधरा पौंडांची लाइन. बेटकास्टिंगमध्ये अगदी स्वस्तातलं रीळ घेऊ नका, त्याचे ब्रेक शिकणाऱ्याला रडवतात. तिसरा रॉड घ्यायचाच तर क्रँकबेटसाठी मऊ ग्लासचा, आणि तो स्वस्तातला चालतो.

एवढं झालं की राज्याचा मासेमारी परवाना काढा, आणि त्या तळ्याचे आकाराचे व संख्येचे नियम वाचा. लेक फोर्कसारख्या ठिकाणी ते राज्यभरच्या नियमांहून वेगळे असतात. गरवायला बसताना लाइनचे शेवटचे काही फूट चिमटीतून फिरवून बघा. खरखर लागली तर तेवढा भाग कापून गाठ नव्याने बांधा. कापलेला तुकडा काठावर टाकू नका, पक्ष्यांच्या पायांत तो अडकतो. पुष्कळ तळ्यांवर बोटी उतरवायच्या जागी जुन्या तंगुसासाठी उभ्या नळ्या बसवलेल्या असतात. मोनो आणि फ्लुरोकार्बन त्यात टाका. ब्रेड मात्र बारीक तुकडे करून झाकणाच्या कचरापेटीत.